मदत हवी आहे : जबड्याच्या शस्त्रक्रियेतच इम्प्लांट बसवून घ्यावे का?

माझ्या बहिणीचा खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापून पुढे आणायचा आहे. हाड सरकल्यावर कापाच्या जागी खालच्या कडेला खाच राहू शकते; ती झाकली जावी म्हणून सीटी स्कॅनवरून तिच्याच मापाचे ‘पीक’ (PEEK) या पॉलिमरचे (टणक प्लास्टिकचे) इम्प्लांट, म्हणजे हाडावर बसणारा कृत्रिम तुकडा, त्याच वेळी बसवण्याचे सर्जननी सुचवले आहे. आरशासमोर बहीण आतापासूनच जबड्याच्या त्या कडेवरून सारखे बोट फिरवत असते.

छेद तोंडाच्या आतून असल्याने जंतुसंसर्गाची धास्ती वाटते; शिवाय हाड ठरल्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर जरी इकडेतिकडे बसले, तर आधीच घडवलेले इम्प्लांट चपखल बसेल का? हाड जुळल्यावर नव्या स्कॅनवरून ते करणे मला अधिक सुरक्षित वाटते, पण मग पुन्हा भूल आलीच.

यांपैकी कोणताही मार्ग निवडलेल्यांनी शस्त्रक्रियेनंतर ओठाचा बधिरपणा किती दिवस टिकला आणि इम्प्लांट काढावे लागले का, हे कृपया सविस्तर कळवावे.