मदत हवी आहे: चौथ्या गिअरमध्ये बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आवरत नाही, फ्युएल कट (कॉम्प्युटर इंधन तोडतो) लागतो

मंडळी, टर्बो गाड्यांवर हात काळे केलेलं कोणी इथे असेल तर जरा डोकं चालवा.

गाडी दोन लिटर पेट्रोल, चार सिलिंडर. वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट गॅस टर्बाइन टाळून सोडणारी झडप) टर्बोच्या घरातच आहे, बाहेरचं वेगळं नाही. टर्बो मूळचाच. त्याच्यापुढे ३ इंची डाउनपाइप आणि शेवटपर्यंत फ्री-फ्लो एक्झॉस्ट, मोठा इंटरकूलर, मूळ बूस्ट सोलेनॉइडच्या (वेस्टगेटकडे जाणारी दाबाची हवा कमी-जास्त करणारा विजेचा व्हॉल्व्ह) जागी तीन पोर्टवाला, आणि या सगळ्यावर रिमॅप (इंजिन कॉम्प्युटरच्या सेटिंग नव्याने भरणं). अ‍ॅक्च्युएटरची (दाबाने वेस्टगेट उघडणाऱ्या भागाची) स्प्रिंग ०.५ बारची, रिमॅपमधलं टार्गेट ०.९ बार. ही सगळी कामं एकदमच झाली, त्यामुळे गडबड नेमकी कशाने सुरू झाली ते सांगता येत नाही.

दुसऱ्या गिअरमध्ये काहीच जाणवत नाही. तिसऱ्यात बूस्ट १.० ला टेकतो. चौथ्यात पूर्ण थ्रॉटल दिला की चढतच जातो, ६००० च्या आसपास धाडकन फ्युएल कट लागतो आणि पी०२३४ (ओव्हरबूस्ट) कोड येतो. हवा थंड असली की हे आणखी लवकर होतं. चौथ्या गिअरच्या लॉगमधले आकडे:

३५०० आरपीएम: बूस्ट ०.९०, सोलेनॉइड ड्यूटी (किती टक्के वेळ तो चालू) ४२ टक्के
४२०० आरपीएम: ०.९७, ड्यूटी २५
५००० आरपीएम: १.१०, ड्यूटी ०
६००० आरपीएम: १.३०, ड्यूटी ०

रिमॅप करणारा म्हणतो हार्डवेअर तपासा, गॅरेजवाला म्हणतो मॅपमध्ये घोळ आहे. मी मधल्यामध्ये लोंबकळतोय. सुरुवात कुठून करू?

पिस्टनपंत
मॅपमध्ये फ्युएल कटची मर्यादा १.५ करून घ्या. माझ्या ओळखीत एकाने तेच केलं, गाडी झकास पळते.

तेलकट_हात
पंत, कृपा करून असले सल्ले देऊ नका. इंजिन वाचवायला तेवढी एकच गोष्ट सध्या नीट काम करतेय, तीही काढायची? १.३ बारला लागणारं इंधन आणि इग्निशन टायमिंग त्या मॅपमध्ये आहे की नाही कोणाला ठाऊक. नसेल तर नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) सुरू होईल आणि पिस्टनच्या रिंगमधल्या भिंती तुटतील.

धागाकर्ते, आधी आकडा खरा आहे का ते बघा. मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा, रिमॅपमधला मॅप नव्हे) बदललाय का? ३ बारचा सेन्सर बसवून कॉम्प्युटरमध्ये जुनंच कॅलिब्रेशन राहिलं तर सगळेच आकडे खोटे. इग्निशन चालू, इंजिन बंद, अशा स्थितीत सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल, उंचावर त्याहून कमी.

धागाकर्ता
सेन्सर मूळचाच आहे. इंजिन बंद असताना बरोबर दाखवतो. वेगळा गेजही बसवलाय, त्याचा आकडा लॉगशी जुळतो.

घाटवळण
माझ्या डिझेलमध्ये असंच व्हायचं. काजळीने टर्बोची पाती अडकली होती, साफ केल्यावर थांबलं.

तेलकट_हात
ते व्हीजीटी (हलणाऱ्या पात्यांच्या) टर्बोचं दुखणं. पाती बंदकडे अडकली की बूस्ट वाढतो, हे खरं. पण यांच्या टर्बोत हलणारी पाती नाहीतच, वेस्टगेटची झडप आहे.

चौथा_गिअर
धागाकर्ते, उत्तर अर्धं तुमच्याच लॉगमध्ये आहे. ५००० ला ड्यूटी शून्यावर गेली आणि बूस्ट त्यानंतरही चढला. या जोडणीत ड्यूटी शून्य म्हणजे कॉम्प्युटर म्हणतोय, दाबाची हवा पूर्णपणे अ‍ॅक्च्युएटरला द्या, वेस्टगेट उघडू द्या. त्याच्या हातात याहून जास्त काही नाही. त्यामुळे माझ्या मते मॅपवालं भांडण इथेच मिटतं.

वक्राचा आकारही बघा. मॅपमध्ये ड्यूटी जास्त असती तर बूस्ट आल्या आल्या टार्गेटच्या वर उडी मारून मग खाली बसला असता. त्याला स्पाइक म्हणतात. तुमचा आरपीएमबरोबर सावकाश चढतो, म्हणजे हा क्रीप. इंजिन जितका एक्झॉस्ट गॅस बाहेर टाकतंय तितका वेस्टगेटमधून निसटत नाही, उरलेला टर्बाइन फिरवत राहतो. फ्री-फ्लो एक्झॉस्टमुळे टर्बाइनच्या पुढचा अडथळा कमी होतो, मग गॅस टर्बाइनमधूनच जाणं पसंत करतो. वरच्या गिअरमध्ये इंजिनावर भार जास्त वेळ राहतो, थंड हवा जास्त दाट असते, म्हणून तिथे आधी दिसतं.

आता सोलेनॉइड पूर्ण वगळा. कॉम्प्रेसरच्या तोंडावरचा निपल ते अ‍ॅक्च्युएटर, एकच आखूड होज, मध्ये टी नाही. बंदिस्त ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) एक रन घ्या आणि १.० दिसताच पाय काढा. बूस्ट स्प्रिंगच्या आसपास थांबला तर दोष सोलेनॉइड किंवा त्याच्या होजमध्ये. तरीही चढला तर अ‍ॅक्च्युएटर, झडप किंवा वेस्टगेटचं भोक.

तेलकट_हात
+१. तीन पोर्टवाल्यात होज चुकीच्या पोर्टला लागणं फार होतं. सोलेनॉइडचा प्लग काढून तोंडाने फुंकून बघा: कॉम्प्रेसरकडून अ‍ॅक्च्युएटरकडे हवा जायला हवी. जात नसेल तर वीज बंद असताना अ‍ॅक्च्युएटरला दाबच मिळत नाही आणि बूस्टला लगाम राहत नाही. पण तसं असतं तर बूस्ट ३५०० लाच उधळला असता, ४२ टक्के ड्यूटीवर ०.९० ला बसला नसता, म्हणून माझा संशय कमी आहे.

धागाकर्ता
फुंकून पाहिलं, होज बरोबर आहेत. सोलेनॉइड वगळून डायनोवर रन घेतला. ३५०० ला ०.५५, तिथून चढत ५५०० ला १.०, तिथे सोडलं. म्हणजे भोक लहान पडतंय? टर्बो उतरवून मोठं करावं लागणार?

चौथा_गिअर
थांबा, एवढ्यात टर्बोला हात लावू नका. आधी झडप किती उघडते ते मोजा. हातपंप आणि दाबाचा गेज घ्या, अ‍ॅक्च्युएटरला १ बार द्या. दाब टिकतो का बघा, उतरला तर आतला पडदा फाटलाय. मग रॉड किती मिलिमीटर सरकतो ते लिहून ठेवा. नंतर डाउनपाइप काढून तेच पुन्हा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत.

धागाकर्ता
दाब टिकतो. डाउनपाइप लावलेला असताना रॉड ५ मिमी सरकतो, काढल्यावर ११! आणि डाउनपाइपच्या फ्लँजच्या आतल्या कडेवर अर्धचंद्राकार घासल्याची खूण आहे. झडप उघडताना तिथे आपटतेय.

तेलकट_हात
सापडलं की! बाजारातल्या डाउनपाइपांमध्ये हे बघायला मिळतं, आतलं वेल्डिंग किंवा कड झडपेच्या वाटेत येते. गॅस्केट पुढे आलेलं असलं तरी असंच होतं. कड ग्राइंडरने घासा, वेल्ड कापला जात नाहीये ना ते बघत. गाडीवर असताना घासू नका, धातूचा कीस टर्बाइनमध्ये जाईल.

धागाकर्ता
पाइप बाहेर काढून कड घासली, गॅस्केट नवीन घातलं. आता पाइप लावूनही रॉड ११ मिमी सरकतो. सोलेनॉइडशिवाय ३५०० ला ०.५२, ६५०० ला ०.६५. अजून थोडा चढतोच. यासाठी भोक मोठं करावं का?

चौथा_गिअर
नको. तुमचं टार्गेट ०.९, क्रीप ०.६५ वर संपतो, म्हणजे मधल्या जागेत सोलेनॉइडला काम करता येतं. पुढे कधी टार्गेट ०.६ वर आणायचं असेल तरच तो विचार. रॉडचा नट फिरवून प्रीलोडही (स्प्रिंगवरचा आधीचा ताण) बदलू नका.

मात्र सोलेनॉइड जोडून जुन्याच मॅपवर गाडी पळवू नका. ती ड्यूटी अर्धी अडकलेली झडप धरून ठरवलेली आहे. रिमॅप करणाऱ्याला हे दोन्ही लॉग द्या, ड्यूटी खालून सुरू करून टप्प्याटप्प्याने चढवायला सांगा, फ्युएल कट आहे तिथेच ठेवा. शेवटचा रन चौथ्या गिअरमध्ये आणि थंड हवेत घ्या, आणि लॉगमध्ये नॉक रिटार्ड (नॉकिंगमुळे मागे घेतलेलं टायमिंग) व एअर-फ्युएल (हवा-इंधन प्रमाण) हे दोन रकाने जोडा. तो लॉग इथे टाका, बघू.