आई-बाबांना व्यायामाचा एकच कागद चालेल का?

तासगावची लेक:
दोघांचाही एकेक गुडघा बदललाय. बाबा ७५, आई ७१. एसटीने मिरजेला फिजिओकडे नेते. व्यायामाचा छापील कागद दोघांना एकच. बाबा सगळं करतात, उलट जास्तच. गुडघा सुजला तरी बोलत नाहीत. आई म्हणते, "दिवसभर उभीच असते की मी." आता तर मिरजेला यायलाच नको म्हणते. बाईमाणसाचे व्यायाम वेगळे असतात का?

विश्रामबागची फिजिओ:
ताई, व्यायाम बहुतेक तेच, पण सुरुवात कुठून करायची ते बदलतं. आपल्याकडच्या बायका दुखणं अंगावर काढत फार उशिरा ऑपरेशनला येतात, तोवर मांड्यांतली ताकद पार गेलेली असते. पाळी गेल्यावर हाडंही विरळ होतात, त्यामुळे पडणं जास्त महागात पडतं. हात न टेकता ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, ते फिजिओला मोजायला सांगा. आईंच्या वयाच्या बाईला १० पेक्षा कमी आणि बाबांच्या वयाच्या पुरुषाला ११ पेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका धरतात.

ओट्यापाशी तासन् तास उभं राहणं हा व्यायाम नाही, त्याने पायाला सूज येते. बाबांना मात्र "एवढंच, याच्यावर नाही" असा आकडा लिहून द्या. पुरुष दुखणं लपवतात, हे मी रोज बघते.

आणि आईंना एकटीला विचारा, खोकताना किंवा उठताना लघवी निसटते का? कित्येकजणी त्या धास्तीने एसटीत बसत नाहीत. त्याला व्यायाम आहेत आणि गुण येतो.

कवठेमहांकाळकर:
आमची आई पुरुष फिजिओसमोर साडी गुडघ्यावर घ्यायला तयार नव्हती. बाई फिजिओची वेळ मागून घेतली, आत सैल पायजमा घालायला लावला. मग आपणहून जायला लागली.

तासगावची लेक:
विचारलं. तेच होतं. मिरजेला जायच्या दिवशी सकाळपासून पाणीसुद्धा पीत नव्हती, आणि मला पत्ता नाही! बाई फिजिओ आहेत तिथे, त्यांना सांगते. तिला काय करता यायला हवं म्हणून विचारलं, तर म्हणाली, गच्चीवर शेवया वाळत घालायच्यात. आमच्या जिन्याला कठडा नाही.

विश्रामबागची फिजिओ:
मग कठडा आधी बसवा आणि गच्चीचं त्या बाईंनाही सांगा, त्या तसा सराव घेतील. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. सुरुवातीला शेवयांचं ताट दुसऱ्या कुणीतरी वर न्यायचं.