गंगा करार संपतोय : फराक्क्याच्या खालच्यांना हमी द्यावी का?

गोदाकाठ : भारत-बांगलादेश गंगा करार १९९६ चा, तीस वर्षांचा. डिसेंबर २०२६ मध्ये मुदत संपते. जानेवारी ते मे या काळात फराक्क्याला (पश्चिम बंगालमधला गंगेवरचा बॅरेज) ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी आलं तर निम्मं-निम्मं, असा मूळ हिशेब. पण मोजणीच फराक्क्याला होते. उत्तर प्रदेश-बिहारात कालव्यांनी आधीच उचललेलं पाणी त्यात धरलंच जात नाही. १९७७ च्या करारात बांगलादेशाला ठरलेल्या वाट्याच्या ८० टक्क्यांची हमी होती, १९८२ च्या समझोत्यात ती गेली आणि १९९६ च्या करारातही आली नाही. ती परत यावी असं माझं ठाम मत आहे. मी पैठणचा. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं की नाही, यावर दर दुष्काळात कोर्टकचेऱ्या बघत मोठा झालो. टेलला, म्हणजे पाण्याच्या अगदी शेवटी, असणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

हुगळीकर : हमी अगदीच नाही हे चूक. ११ मार्च ते १० मे दरम्यान दोन्ही देशांना दहा-दहा दिवस आळीपाळीने ३५,००० क्युसेक मिळतात. आणि फराक्का बांधला कशासाठी? हुगळीतला गाळ वाहून जावा, कोलकाता बंदर जगावं म्हणून. मी इथे वीस वर्षं राहतोय. एप्रिलमध्ये नदीतच पाणी नसेल तर हमीचं पाणी आणायचं कुठून? बिहारच्या शेतकऱ्याचा पंप बंद करून?

गोदाकाठ : आळीपाळीचं मान्य, माझ्याकडून राहिलं. पण प्रवाह ५०,००० च्या खाली गेला की करार फक्त 'तातडीने चर्चा करा' म्हणतो. चर्चेने गोराईत, म्हणजे गंगेच्या बांगलादेशातल्या फाट्यात, पाणी येत नाही. उन्हाळ्यात तिचं मुख गाळाने भरतं, खुलनाकडे खारं पाणी आत चढतं, भातशेती आणि सुंदरबन दोन्ही सोसतात. शिवाय फराक्क्यामुळे गाळ साचतो म्हणून २०१६ मध्ये नितीश कुमारांनीच तो बॅरेज हटवा म्हटलं होतं. म्हणजे त्रास फक्त पलीकडे नाही.

पूर्वेकडचा वाचक : ब्रह्मपुत्रेवर आपण खाली आहोत. तिबेटात चीन प्रचंड धरण बांधतोय, तेव्हा आकडे द्या, खालच्यांना धक्का लावू नका, असं आपण म्हणतो. अगदी रास्त. मग उत्तर बंगालमधून बांगलादेशात जाणाऱ्या तिस्तेच्या खालच्यांनी तेच म्हटलं तर? २०११ मध्ये तयार झालेला तिस्ता करार ममता बॅनर्जींच्या विरोधामुळे अडला, तो अजून तसाच आहे.

हुगळीकर : तुलना पटत नाही. १९९७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या नदी-कराराला चीनने विरोधात मत दिलं, आपण तटस्थ राहिलो. चीनने पाणीवाटपाचा करार आपल्याशी केलेला नाही, आपण बांगलादेशाशी केला आणि तीस वर्षं चालवला. तिस्तेचं म्हणाल तर उत्तर बंगालचा शेतकरीही माणूसच आहे. त्याला न विचारता दिल्लीने सही करायची, हाही अन्यायच.

पूर्वेकडचा वाचक : विचारा ना! पण पंधरा वर्षं विचारतच राहायचं?

हुगळीकर : वरची उचल मोजा, दोन्ही देशांनी मिळून, आकडे उघडे ठेवा. एवढं मला मान्य. ८० टक्क्यांवर सही करायला मात्र मी तयार नाही.