खरेदीखत आधी नको
अमेरिकेत हडच्या (तिथल्या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याच्या) पैशातून प्रकल्प करायचा असताना, जागा आधी घेऊन टाकू, एन्व्हायर्नमेंटल रिव्ह्यूचे (पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या तपासणीचे) कागद मागाहून करू असं काहीजण सुचवतात, पण कृपया असं करू नका. हडच्या पैशासाठी अर्ज एकदा गेला की रिव्ह्यू पूर्ण होईपर्यंत खरेदी, पाडकाम, बांधकाम काहीच करता येत नाही, अगदी स्वतःचे खासगी पैसे घातले तरी पार्ट ५८ चा (हडच्या पर्यावरण तपासणीच्या नियमावलीचा) नियम लागतोच आणि त्यात आख्खं फंडिंग जाऊ शकतं. जागा हातची जाईल वाटत असेल तर किरकोळ रक्कम देऊन ऑप्शन अ‍ॅग्रीमेंट (जागा पुढे विकत घेण्याचा हक्क राखून ठेवणारा करार) करा, ते चालतं, फक्त रिव्ह्यूचा निकाल नीट आला तरच खरेदी ही अट त्यात हवीच. आणि इमारत जुनी असेल तर याच रिव्ह्यूसाठी राज्याच्या हेरिटेज ऑफिसला (ऐतिहासिक वास्तूंचं जतन बघणाऱ्या कार्यालयाला) पत्र लगेच पाठवा, उत्तरासाठी त्यांना ३० दिवस द्यावे लागतात आणि लोक नेमकं हेच शेवटाला ठेवतात.