मदत हवी आहे: डब्ल्यू −१ ओलांडताना कोड कोसळतो

नमस्कार मंडळी. राहतो फोंड्यात, एम.एस्सी.चं दुसरं वर्ष, रोज बसने ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात. प्रकल्प आहे एफ(आर) गुरुत्वाचा, म्हणजे आइनस्टाइनच्या क्रियेत (ज्यातून समीकरणं निघतात त्या राशीत) नुसत्या आर (अवकाशकालाची वक्रता) ऐवजी आर चं फलन. प्रारूप हू-साविकींचं (२००७), त्यातला घातांक एन = १.

सरांनी सांगितलं तसं केलं: आइनस्टाइनचा टेन्सर डावीकडे ठेवला, गुरुत्वातली जास्तीची सगळी पदं उजवीकडे नेली आणि त्यांना 'कृष्ण ऊर्जेचा द्रायू' म्हटलं, म्हणजे विश्वाचं प्रसरण वेगावणाऱ्या ऊर्जेचा. (द्रायू हा शाळेच्या पुस्तकातला शब्द. परीक्षेनंतर पहिल्यांदाच कामी आला.) पार्श्वभूमी (एकसमान विश्वाचं प्रसरण) छान सुटते. डब्ल्यू, म्हणजे या द्रायूच्या दाबाचं त्याच्या ऊर्जाघनतेशी गुणोत्तर, −१ च्या किंचित खालून वर जातो, फरक भिंग लावून बघावा इतका.

घोडं पेंड खातं ते विक्षोभांत, म्हणजे त्या एकसमानतेवरच्या बारीक चढउतारांत. द्रायूच्या वेगाच्या (थीटाच्या) समीकरणात छेदात १ + डब्ल्यू आहे. ओलांडणीच्या क्षणी तो शून्य, आणि संगणक हात वर करतो. पायऱ्या बारीक केल्या, सॉल्व्हर बदलला. परवा रात्रभर चालवायला लावलं तर पाऊस आला नि वीज गेली, तो भाग वेगळा. द्रायूतल्या ध्वनिवेगाचा वर्ग १ (प्रकाशवेग १ मानून) आणि असमदिश ताण (दिशेनुसार बदलणारा दाब) शून्य धरलाय, क्विंटेसन्ससारखं, म्हणजे कृष्ण ऊर्जा हे साधं अदिश क्षेत्र मानणाऱ्या प्रारूपासारखं. प्रारूपच चुकीचं आहे का?

उत्तर: प्रारूप ठीक आहे, चल चुकीचा निवडलास. थीटा सोड; १ + डब्ल्यू ने गुणलेला थीटा हाच नवा चल घे. डब्ल्यू च्या अवकलजाचं पद आपोआप कटतं आणि छेद राहत नाही. साधं एक अदिश क्षेत्र −१ ओलांडू शकत नाही हे खरं, पण तुझा द्रायू बाटलीत भरण्याजोगा पदार्थ नाहीच. तो गुरुत्वाचाच हिशेब, खातं बदलून लिहिलेला. बियांकी सर्वसमिका (वक्रतेचं नेहमी खरं असणारं भूमितीय समीकरण) त्याचं संवर्धन सांभाळते, एवढंच.

खरी चूक तुझ्या ध्वनिवेग आणि ताणाच्या गृहीतकांत आहे. एफ(आर) मध्ये गुरुत्वाचे दोन विभव, फाय आणि साय, सारखे नसतात. म्हणून असमदिश ताण शून्य धरताच येत नाही. ध्वनिवेगही हाताने घालायचा नाही, तो क्षेत्रसमीकरणांतूनच काढ. विश्वाच्या क्षितिजाहून बऱ्याच लहान तरंगलांबीच्या विक्षोभ-तरंगांसाठी सूत्रं सुटसुटीत होतात. ध्वनिवेगाचा वर्ग ऋण आला तर घाबरू नकोस. स्थैर्य ठरतं ते त्यात ताणाचा वाटा मिळवल्यावर. पडताळा असा: तरंगलांबी पुरेशी लहान घेतलीस की रेषीय सिद्धांतात प्रभावी जी (गुरुत्व स्थिरांक) हा न्यूटनच्या जी च्या ४/३ पट यायला हवा. तुझ्या गृहीतकांनी तो कधीच येणार नाही.

धागाकर्ता: दादा, नवा चल घालून कोड ओलांडणीपार गेला! ताण घातल्यावर गुणोत्तर १.३३ वर स्थिरावतंय. लांब तरंगांना १ च्या जवळ येतं, ते बरोबर ना?

उत्तर: बरोबर. आता सरांना दाखव, आणि वीज जाण्याआधी लॅपटॉपचं चार्जिंग करून ठेव.