उरलेल्या पाल्याची सजावट: तुमचे अनुभव सांगा

मार्गशीर्षातल्या बुधवारी संध्याकाळी दादरच्या फूलबाजारात पाच प्रकारच्या डहाळ्यांची जुडी घ्यायला झुंबड उडते. कलशात लागतात त्याहून कितीतरी जास्त फांद्या त्या जुडीत निघतात. शिवाय लग्नसराईतले बुके, सुरूच्या फांद्या, पुढे संक्रांतीचा हरभरा. थंडीत मुंबईतल्या घरात एवढी हिरवाई येते आणि तरीही नाताळच्या सुट्टीसाठी आपण प्लास्टिकच्या माळा विकत आणतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

सुरुवात माझ्यापासून. उरलेल्या डहाळ्या मी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत पाणी घालून खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने लावते. चिकू आणि फणसाची पानं जाड, तुकतुकीत. ती छान टिकतात. पेरूची लवकर मुडपतात, त्यांना मागच्या रांगेत ठेवायचं. आंब्याची पानं सुकली तरी आकार सोडत नाहीत, त्यांचं गोल कडं करून दारावर लावता येतं. लाल रंगासाठी सुक्या मिरच्या आणि उन्हात वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या. भाचरं सुट्टीला आली की हे काम त्यांचंच. आता तुम्ही सांगा.

बोरिवलीहून (माहेर वसई)

आमच्याकडे नाताळ म्हणजे आधी गोठा, मग बाकी सगळं. गोठ्याभोवतीचं गवत विकत आणायचं नाही, पेरायचं. पसरट ताटलीत मातीचा पातळ थर, त्यावर भिजवलेली नाचणी किंवा गहू. नाताळच्या साधारण आठवडा-दहा दिवस आधी पेरलं की बाळ येशूला ठेवायच्या वेळेपर्यंत हिरवंगार कुरण तयार. छप्पर भाताच्या पेंढ्याचं. माझ्या आईचा नियम असा की झाडाची फांदी तोडायची नाही, वाऱ्याने पडलेलीच उचलायची. समुद्रकाठच्या सुरूखाली अशा फांद्या पुष्कळ सापडतात.

सुरूला पुष्कळ जण पाइन समजतात, पण त्या सुया म्हणजे पानं नव्हेत. त्या बारीक सांधेदार हिरव्या काड्या असतात आणि खरी पानं त्या सांध्यांवर खवल्यांएवढी लहान. फांदी पाण्यात नसेल तर त्या काड्या भराभर गळतात. म्हणून मी सुरू ओल्या वाळूच्या बादलीत रोवते. आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या चार रविवारांच्या) चार मेणबत्त्यांचं कडंही आम्ही सुरूचंच करतो: तीन जांभळ्या, एक गुलाबी. त्यात एक काळजी घ्यावीच लागते. वाळलेला सुरू पटकन पेट घेतो, त्यामुळे प्रार्थना संपली की मेणबत्त्या विझवायच्या आणि दर रविवारी फांद्या नव्या घालायच्या. सजावट आम्ही ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणानंतर उतरवतो.

लालबागहून

ताई, मला एक विचारायचं आहे. पूजेच्या डहाळ्या नाताळच्या सजावटीत वापरणं योग्य आहे का? आमच्याकडे शुक्रवारी सकाळी कलशातल्या डहाळ्या घराच्या कोपऱ्यांत ठेवतात आणि पाणी तुळशीला घालतात. त्या पाल्याला मी हात लावू देणार नाही.

दादर (धागा काढणारी)

तुमचं बरोबर आहे. कलशातल्या डहाळ्या आम्हीही तशाच ठेवतो. मी सांगितलं ते जुडीतल्या उरलेल्या, पूजेला न लागलेल्या फांद्यांबद्दल. २०२४ साली नाताळ बुधवारी होता आणि मार्गशीर्षाचा शेवटचा गुरुवार दुसऱ्याच दिवशी. त्या आठवड्यात एकाच जुडीतून कलशही सजला आणि खिडकीही. मला ते फार आवडलं.

माटुंग्याहून (लग्नाच्या सजावटीचं काम करतो)

रिसेप्शन संपल्यावर स्टेजमागचा पाला रातोरात टेम्पोत भरून टाकून दिला जातो. त्यात कामिनीच्या डहाळ्या, अरेकाची पानं, अ‍ॅस्परॅगस असा चांगला माल असतो. आम्ही कामगार मंडळी आपापल्या घरी नेतो, शेजाऱ्यांनाही देतो. टिकवायची रीत साधी आहे. घरी आल्याबरोबर देठ पाण्यात बुडवून तिरका कापायचा. पाण्याखाली येणारी सगळी पानं काढून टाकायची, नाहीतर पाणी कुजतं आणि वास येतो. पाणी रोज बदलायचं. पंख्याच्या थेट झोतात ठेवायचं नाही. डिसेंबरात मुंबईची हवा कोरडी होते आणि पानं कडेने करपतात. बांधायला तार नको, केळीच्या सोपाचा दोर वापरा, म्हणजे नंतर सगळं तसंच ओल्या कचऱ्यात टाकता येतं. चकाकी किंवा स्प्रेचा रंग मारलेला पाला खताच्या खड्ड्यात टाकू नका, ही कळकळीची विनंती.

चेंबूरहून

घरात मांजर असेल तर बुकेतली लिली आणूच नका. तिचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. पॉइन्सेटियाचा चीकही हाताला खाजतो, लहान मुलांपासून दूर ठेवा.

गिरगावातून

आमच्या चाळीत दिवाळीच्या कंदिलाचा कागद फाटला तरी बांबूचा सांगाडा कुणी फेकत नाही. डिसेंबरात त्यावर अशोकाची लांब पानं दाटीने बांधतो, आत छोटा दिवा सोडतो आणि सामायिक गॅलरीत टांगतो. शेजारच्या खोताच्या वाडीत नाताळचे तारे लागलेले असतात, आमच्या पोरांना आपलाही काहीतरी हवाच असतो! पानं गळालेलीच घेतो किंवा सोसायटीने परवानगी काढून छाटणी केली असेल त्यातली. फूटपाथवरच्या झाडाची फांदी कृपया मोडू नका. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. तो नसता तरी सावली देणारं झाड आपल्या दोन दिवसांच्या शोभेसाठी ओरबाडणं मला पटत नाही.

मुलुंडहून

आमच्या घरी सुट्टीची सजावट संक्रांतीपर्यंत चालते. सुगडात घालून उरलेल्या गव्हाच्या ओंब्या आणि हरभऱ्याचे डहाळे एकत्र बांधून दाराच्या चौकटीला उलटे टांगते. ओंब्या वाळून सोनेरी होतात आणि पुढे पुष्कळ दिवस तशाच राहतात. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, ती हाताला लागते, म्हणून बांधल्यावर हात धुवायचे. उसाचे शेंडेही कोपऱ्यात उभे केले की खोली भरल्यासारखी दिसते. गाजराचा पाला मात्र त्याच संध्याकाळी मान टाकतो, तो भाजीतच घाला. आमच्या बाजारात ओंब्या भोगीच्या तोंडावरच येतात. नाताळच्या सुमारास मुंबईत कुठे मिळत असतील तर नक्की सांगा.