तैवानी लोकनाट्यातली सरमिसळ

टीव्हीमुळे कोआ-आ-ही, म्हणजे तैवानचं पारंपरिक संगीत लोकनाट्य, बाटलं असं म्हणतात; मला ते पटत नाही. भेसळ त्याच्या कितीतरी आधीची. 1937 नंतर तैवानवरच्या जपानी राजवटीने कोमिन्का मोहिमेत (तिथल्या लोकांना जपानी वळण लावण्याची मोहीम) पारंपरिक खेळांवर, ढोल-झांजांवर बंधनं आणली. मग नट किमोनो चढवून, सामुराई तलवारी घेऊन, सॅक्सोफोन-ट्रंपेटच्या साथीवर उभे राहिले. पोटासाठीच, दुसरं काय! 'ऑपेरा'च्या जपानी उच्चारावरून या प्रकाराला 'ओपेला' म्हणू लागले.

गंमत पुढेच आहे. 1945 मध्ये जपानी गेले, सक्ती संपली, तरी ओपेला टिकलं. देवळापुढच्या मंचावर अजूनही दुपारी बहुधा जुना ऐतिहासिक खेळ आणि रात्री ओपेला: पॉप गाणी, जॅझचे ड्रम, चमचमते कपडे आणि नायकाच्या वेशात बाई.